सरळ बसणे आणि शिकविणाराचा हात

‘नीट बस, पाठ सरळ कर,’ हे शब्द लहानपणी ज्याच्या कानांवर पडले नाहीत असा श्रोता या सभेत क्वचितच असेल. त्यावर आपण काय करीत होतो तेही आठवावे. छाती पुढे काढायची, कमरेत बाक द्यायचा, श्वास रोखायचा. आणि वडिलांची पाठ वळताच पुन्हा पोक काढून बसायचे! मुलगा नाठाळ असतो म्हणून हे घडते असे नाही. सरळ म्हणजे ताठ, एवढाच त्या शब्दाचा अर्थ स्नायूंना समजलेला असतो, आणि ताठपणा फार वेळ टिकत नाही. मग सरळ होणे शिकावे तरी कसे? या प्रश्नाचा पिच्छा ज्यांनी वर्षानुवर्षे पुरविला, त्या फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांची हकीकत आज आपण पाहू.

अलेक्झांडर यांचा जन्म 1869 साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर झाला. शेक्सपिअरचे उतारे रंगभूमीवर म्हणून दाखविणे हा त्यांचा व्यवसाय. पुढे प्रयोगाच्या ऐन वेळी आवाज बसू लागला. वैद्यांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीने घसा सुधरे, परंतु रंगमंचावर उभे राहताच पुन्हा घोगरा होई. तेव्हा त्यांनी साधा तर्क केला : विश्रांतीत आवाज बरा राहतो आणि बोलताना बिघडतो, तर बोलताना आपणच काहीतरी करीत असलो पाहिजे. काय करतो, ते वैद्यांना सांगता येईना. म्हणून हे गृहस्थ आरशासमोर उभे राहिले.

आरशात तीन गोष्टी दिसल्या. बोलण्यास आरंभ करताच डोके मागे खेचले जाई, कंठ खाली दाबला जाई आणि श्वास तोंडाने आवाजासकट ओढला जाई. डोके मागे न नेण्याचा प्रयत्न केल्यावर थोडा गुण आला. आता डोके पुढे व वर ठेवावे, की झाले, असे त्यांना वाटले. ते तसे करूही लागले. परंतु खात्रीसाठी बाजूंना आणखी दोन आरसे लावून पाहतात तो काय, डोके अजून मागेच जात होते! मनाची तर पुरी खात्री होती की ते पुढे आहे.

आमच्या मते या साऱ्या हकिकतीचे मर्म येथे आहे. जी सवय वर्षानुवर्षे अंगात मुरली, तिची जाणीव बोथट होते आणि तीच ‘बरोबर’ वाटू लागते. एकाच खांद्यावर पिशवी वाहणाऱ्या माणसाचे खांदे कोणी समपातळीत आणून दिले, तर ‘मला वाकडे केलेत’ अशी तक्रार तो करील. ज्या काट्याने तोलायचे तो काटाच झुकलेला असेल, तर वजन खरे कसे उतरणार? म्हणूनच पुस्तकातील चित्र पाहून आसन साधू म्हणणाऱ्याची फसगत होते. चित्र बरोबर असते, वाचणाराही प्रामाणिक असतो. खोटे बोलते ते त्याचे स्वतःचे अंग.

अलेक्झांडर यांनी यावर जो उपाय काढला तो ऐकण्यास विचित्र आहे : करण्यापूर्वी थांबणे. वाक्य म्हणण्याची इच्छा झाली की लगेच म्हणायचे नाही. मान मोकळी राहो, डोके पुढे व वर जावो, पाठ लांब व रुंद होवो, एवढे मनात योजायचे. आणि मग बोलावे, हात उचलावा किंवा काहीच करू नये, याची निवड शेवटपर्यंत खुली ठेवायची. असे केल्याने जुन्या सवयीला धावून येण्याची संधीच मिळत नाही.

1904 साली ते लंडनला आले. जॉन ड्यूई, ऑल्डस हक्सली, बर्नार्ड शॉ अशी माणसे त्यांच्याकडे शिकली. 1931 साली त्यांनी शिक्षक तयार करण्याचा वर्ग काढला. 1955 साली त्यांचे निधन झाले. शिकवणीत दिसायला फारसे काही नसते. विद्यार्थी खुर्चीपुढे उभा राहतो, शिक्षक त्याच्या मानेला व डोक्याला हलका हात लावतो, आणि बसणे व उठणे एवढेच चालते. उठण्याचा विचार येताच मान आवळते, ते विद्यार्थ्याला कळण्याआधी त्या हाताला कळते. हात ढकलीत नाही, वाट दाखवितो. साडेचार-पाच किलोचे डोके मानेवर तोलले गेले की उठणे किती स्वस्त होते, हे विद्यार्थ्याला प्रथमच अनुभवास येते.

गुण खरोखर येतो काय? 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 579 पाठदुखीच्या रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षानंतर, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत मध्यमानाने 21 दिवस दुखे. 24 पाठ घेतलेल्यांच्या बाबतीत ते दिवस 18 ने कमी झाले. हा काही लहानसहान फरक नव्हे. उलट, दम्यासाठी पुरेसा पुरावा नाही. आणि मानवजातीच्या उत्कर्षाविषयी अलेक्झांडर यांनी आपल्या ग्रंथांतून जे मोठमोठे दावे केले, ते आम्हांस पटत नाहीत.

शिक्षकाच्या हाताचे महत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. 1937 साली पुण्यास आलेले बी. के. एस. अय्यंगार याच हाताने व करड्या नजरेने शिकवीत. पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची यांची मदत घेत. तेथे प्रयत्नाला मान, तर अलेक्झांडर यांच्याकडे प्रयत्न सोडण्याला. तथापि विद्यार्थ्याच्या ‘मला बरोबर वाटते’ या साक्षीवर दोघांनीही विसंबून राहण्याचे नाकारले.

शिक्षक निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. हातापायाला मुंग्या येत असतील, बळ कमी झाले असेल किंवा रात्री दुखणे वाढत असेल, तर आधी डॉक्टर. दुखत असताना ‘सोसा’ म्हणणारा, किंवा सहा महिन्यांनीही घरी एकट्याने काय करावे ते न सांगणारा शिक्षक सोडावा. घरी करण्यासारखी एक गोष्ट अलेक्झांडर-पद्धतीचे शिक्षक बहुधा देतात : सतरंजीवर उताणे पडावे, गुडघे वर, तळवे जमिनीवर, डोक्याखाली दोन-तीन पुस्तके, दहा-पंधरा मिनिटे, डोळे उघडे ठेवून. पुस्तके किती जाडीची घ्यावीत, ते पहिल्या खेपेस शिक्षकाकडूनच ठरवून घ्यावे.