पान्हा चोरणारा रेणू

कास भरलेली असते, तरी एखाद्या सकाळी चरवीत धार पडत नाही. रोज धार काढणारी बाई परगावी गेली, तिच्या जागी अनोळखी हात आला, आणि म्हशीने पान्हा चोरला. गोठ्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मला फार वाटतं.

पान्हा फुटतो ऑक्सिटोसिनमुळे. अवघ्या 9 अमिनो आम्लांची ही इवलीशी साखळी मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये बनते. रेडकाने कासेला ढुशी दिली की तिथवर निरोप जातो, ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि धार सुटते. बाळाला पाजणाऱ्या आईच्या अंगातही हेच घडतं. जनावर बुजलं, की मेंदू हा स्राव रोखून धरतो. कास तीच, दूध तेच; अडतं ते ओळखीपाशी.

मग माणसामाणसांतला विश्वासही हाच रेणू जागवत असेल का? 2005 साली झुरिक विद्यापीठात अर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या नाकात फवारा दिला. काहींना ऑक्सिटोसिनचा, काहींना नुसताच. मग खेळ मांडला. तुमच्याकडे 12 एकक पैसे आहेत. त्यातले हवे तेवढे एका अनोळखी माणसाकडे पाठवा. ते तिप्पट होऊन त्याला मिळतील. परत किती द्यायचे, द्यायचे की नाही, ही त्याची मर्जी. ऑक्सिटोसिन घेतलेल्या 29 जणांपैकी 13 जणांनी सगळे पैसे पाठवले. दुसऱ्या गटातल्या 29 पैकी फक्त 6 जणांनी. समोर माणसाऐवजी नशिबाचा डाव ठेवला, तेव्हा मात्र दोन्ही गट सारखेच वागले. म्हणजे फवाऱ्याने धाडस वाढलं नव्हतं. माणसावरचा भरवसा वाढल्यासारखा दिसत होता! हे वाचून मी कितीतरी दिवस भारावून गेले होते.

2020 साली 677 जणांवर तोच प्रयोग पुन्हा काटेकोरपणे झाला. भरवसा वाढल्याचं दिसलं नाही.

मला यात निराशा वाटत नाही, उलट कुतूहल दुणावतं. ऑक्सिटोसिन टोचलं की रेडकू नसतानाही दूध उतरतं (ही रीत गोठ्यांत शिरली, याची मला चीड येते). कास सुईचं ऐकते. विश्वास मात्र फवाऱ्याला तसा बधत नाही, कदाचित मेंदूत हा रेणू एकटा नसतो म्हणून. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा अमिग्डाला असतो, आणि समोरच्या चेहऱ्यात काही खटकलं की तो सावध करतो. 1998 साली राल्फ अडॉल्फ्स यांनी दोन्ही अमिग्डाला निकामी झालेल्या तिघांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. बाकीच्यांनी जे चेहरे सर्वांत कमी भरवशाचे ठरवले होते, नेमके तेच या तिघांना भरवशाचे, जवळ जावं असे वाटले.