दोन कुलपं

बंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये मी अधूनमधून फिरायला जातो. पूर्वी हे मध्यवर्ती कारागृह होतं. पहाऱ्याचा मनोरा आजही उभा आहे.

२६ जून १९७५ रोजी, आणीबाणी लागू झाल्यावर काही तासांतच, संसदीय समितीच्या कामासाठी शहरात आलेले वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपले मधु दंडवते यांना अटक झाली. त्यांना याच तुरुंगात ठेवलं. पुढे प्रमिलाताई दंडवते येरवड्यात होत्या. नवरा-बायकोची गाठ फक्त पत्रांतून. खटला नाही, ‘मिसा’ पुरेसा होता.

मी तेव्हा शाळेत होतो. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत साहेब जागेवर सापडतात, म्हणून आमच्या घरात कौतुकच चाललं होतं. मलाही ते पटत होतं. मनुष्यस्वभाव असा आहे. शिस्त आवडते आणि दुसऱ्याची कोठडी आपल्याला दिसत नाही.

डांबलेल्या माणसाने कोर्टाचं दार ठोठवायचं की नाही? २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, आणीबाणीत नाही. त्या चारांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. चौघेही विद्वान होते, हे विसरू नका. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला.

मग भरवसा कोणावर ठेवायचा? पलटणीत आम्ही शस्त्रागाराला ‘कोत’ म्हणतो. आमच्या कोतला दोन कुलपं असत आणि दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे नसत. हत्यार घेताना कमांडिंग ऑफिसरनेही वहीत सही करायची. यात कोणाला अपमान वाटत नसे. प्रामाणिक माणूसही कधी घाबरतो, कधी रागावतो, म्हणून दुसरं कुलूप.

१९७५ मध्ये नेमकं तेच नव्हतं. राष्ट्रपतींची सही रात्री झाली, मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ही उणीव भरून काढली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी लागतो, संसदेची मंजुरी महिन्याच्या आत लागते. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण चालत नाही, ‘सशस्त्र बंड’च हवं. आणि कलम २१, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

पुढे बंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला. त्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांच्या पीठाचा १९७६ चा निकाल मोडीत काढला. खन्नांचं म्हणणं खरं ठरायला ४१ वर्षं लागली. कोठडीतल्या माणसाला एवढा वेळ नसतो.

म्हणून सांगतो, नावडता माणूस खुर्चीवर आला की आपण सगळेच वही मागतो. आवडता माणूस बसलेला असताना मागा. दुसरं कुलूप तेव्हाच निघतं, आणि बहुतेक वेळा आपणच ते काढून देतो.