घाटातला उजेड

बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाट लागतो. एकदा रात्रीच्या एसटीत मला पुढची सीट मिळाली होती. समोरचा ट्रक वळणाआड असतानाच त्याचा उजेड दरडीवर पडायचा आणि ड्रायव्हर डिपर मारून गाडी डावीकडे दाबायचे. मी त्या उजेडालाच डोळे लावून बसलेला. ते म्हणाले, "उजेडाकडे काय पाहता भाऊ, गाडी कुठून निघते ते पाहा."

उजेड लक्ष कसं ओढून घेतो, अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातले मायकेल पोस्नर नेमकं हेच मोजत होते. त्यांचा १९८० चा निबंध प्रसिद्ध आहे. प्रयोग साधा. पडद्याच्या मध्यावर नजर रोवायची. बाजूच्या दोन चौकोनांपैकी एक चमकतो, मग एकात ठिपका उमटतो. दिसताच बटण दाबायचं. चमकेमागोमाग, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, ठिपका त्याच चौकोनात आला तर बटण झटकन दाबलं जातं. बुबुळ हललेलं नसतं. लक्ष मात्र तिथं आधीच जाऊन पोचलेलं असतं.

खरी गंमत पुढे. ठिपक्याला सुमारे तीनशे मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला, तर त्याच चौकोनात तो टिपायला उलट वेळ लागतो! पोस्नर आणि योआव कोहेन यांनी १९८४ मध्ये हे मांडलं. कापूस वेचणाऱ्या बाईचा हात वेचलेल्या बोंडाकडे पुन्हा जात नाही, तसंच काहीसं: पाहून झालेली जागा सोडून नवी धुंडाळणं मेंदूच्या सोयीचं, असं अनेक संशोधक मानतात.

मध्यावर नुसता बाण दाखवला तर त्याचा अर्थ लावावा लागतो. लक्ष सावकाश वळतं, पण वळलं की टिकतं. रस्त्यावरच्या पाट्या या जातीच्या. लुकलुकणारे दिवे पहिल्या.

प्रयोगशाळेतले आकडे रस्त्याला जसेच्या तसे चिकटवू नयेत, तिथं डोळे सतत फिरत असतात. तरी हिशेब करून पाहावा. मेहकर, सिंदखेडराजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने धावणारी कार तीनशे मिलिसेकंदांत दहा मीटर पुढे गेलेली असते. पाटी वळणाच्या तोंडाशीच लावली, तर ती वाचून होईपर्यंत वळण आलेलं असतं.

पुढच्या वळणावर मी दरड सोडून कठड्याची कड धरली. उजेड ट्रकचाच होता. पण त्याच्या आधी कडेकडेनं बाहेर आला तो बिनदिव्याची सायकल ढकलत चाललेला एक माणूस.