चिंचोक्यातला सोंडकिडा आणि धान्यातली गोळी

चिंचा फोडून झाल्या की चिंचोके पिशवीत पडून राहतात. काही दिवसांनी पिशवीत भुगा दिसतो, चिंचोक्यांना गोल भोके पडतात आणि बारीक तपकिरी किडे फिरू लागतात. 'पोराने यातलेच चिंचोके खाल्ले, पोटात किडे होतील का?' असे आया दवाखान्यात विचारतात. होत नाहीत. हा किडा विषारी नाही आणि माणसाच्या पोटात जगतही नाही.

त्याची ओळख मात्र करून घ्यावी. साधे भिंग पुरते. डोक्यापुढे सोंड आणि सोंडेवर कोपरासारख्या वाकलेल्या दोन मिशा दिसल्या तर तो चिंचेचा सोंडकिडा, सायटोफिलस लिनिॲरिस. तांदळातल्या सोंड्यांचा हा भाऊबंद. तांदळातल्याच्या पाठीवर चार तांबूस ठिपके असतात. (मक्यातला सोंडकिडा तर तांदळातल्यासारखाच दिसतो. तज्ज्ञ आतले अवयव तपासून तो ओळखतात. तो उद्योग आपल्याला नको!) चिंचेचा सोंडकिडा चिंचोक्यातच वाढतो, गहू-ज्वारीला त्याचे भय नाही. सोंड नसलेला, अंगाने मोठा, मागच्या मांड्या जाड असलेला किडा निघाला तर तो भुंगेरा. तो भुईमुगाच्या शेंगांतही शिरतो. म्हणून चिंच आणि शेंगा शेजारी ठेवू नयेत.

एवढे सांगण्याचे कारण असे की, किडा दिसताच काहीजण थेट 'धान्यातली गोळी' आणतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ही गोळी सर्वसामान्य ग्राहकाला विकण्यास मनाई आहे, तरीही ती मिळते. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. झोपायच्या खोलीतच धान्याचे पिंप असेल तर एका रात्रीत माणसे दगावू शकतात. लहान मुलांना धोका अधिक. या विषावर उतारा नाही.

घरात लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येऊन दोघा-तिघांना एकदम मळमळ, उलट्या, खोकला, घेरी, छाती आवळल्यासारखे होऊ लागले, तर 'काहीतरी शिळे खाल्ले असेल' म्हणून थांबू नये. वास आला नाही तरी थांबू नये. सर्वांना उघड्यावर आणून तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. गोळी काढायला कोणी आत जाऊ नये, तिच्यावर पाणी तर मुळीच ओतू नये; वायू आणखी सुटतो. गोळी ठेवली होती, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

चिंचोक्यांसाठी एवढा खटाटोप नकोच. किडलेले चुलीत घालावेत. चिंच चिंचोके काढून, मीठ लावून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. मुलांना खेळायला चिंचोके हवे असतील तर ते तव्यावर चांगले भाजून द्यावेत.