एक स्विच, दोन घरं : व्हीलॅन कसं काम करतं?

मागच्या वेळी आपण पाहिलं की स्विच फ्रेमवरचा मॅक पत्ता वाचून ती नेमक्या पोर्टकडे पाठवतो. आज त्याच स्विचचे भाग पाडू.

समजा, एका कॉलेजात २४ पोर्टचा एक स्विच आहे. परीक्षा विभाग आणि विद्यार्थ्यांची लॅब, दोन्ही त्यालाच जोडलेले. लॅबमधल्या यंत्रानं 'हा आयपी पत्ता कोणाचा?' असं विचारलं, की तो पुकारा परीक्षा विभागातही पोचतो, तिकडचा इकडे. त्याला कोणी मुद्दाम खोटं उत्तर दिलं, तर गुणांची फाईल भलत्याच यंत्राकडे जाऊ शकते. मग काय, दुसरा स्विच आणायचा? गरज नाही.

वेदान्तात घटाकाशाचा दृष्टान्त आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. आकाश एकच, पण घटाच्या उपाधीमुळे ते वेगळं म्हटलं जातं. इथं उपाधी म्हणजे फक्त एक क्रमांक.

आधी स्विचवर दोन व्हीलॅन तयार करायची : १० परीक्षेसाठी, २० लॅबसाठी. मग १ ते ८ पोर्ट पहिल्याला, ९ ते २० दुसऱ्याला द्यायचे. हे झाले अ‍ॅक्सेस पोर्ट. संगणकाला यातलं काही कळत नाही. उरलेले रिकामे पोर्ट बंद ठेवावेत, फक्त २४वा सोडून. तो दुसऱ्या स्विचकडे जातो, म्हणून तो ट्रंक. त्या एकाच तारेवरून दोन्हीकडच्या फ्रेम जाणार, मग ओळखायच्या कशा? तर ८०२.१क्यू मानकानुसार प्रत्येक फ्रेमला ४ बाइटची चिठ्ठी लागते. तिच्यात क्रमांकासाठी १२ बिट असतात, म्हणजे ४०९६ क्रमांक. पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. एक 'नेटिव्ह' व्हीलॅन मात्र चिठ्ठीशिवाय जातं. त्याचा क्रमांक दोन्ही टोकांना सारखाच हवा, नाहीतर एकीकडची फ्रेम दुसरीकडे शिरते. शेवटी ही मांडणी स्विचमध्ये सेव्ह करायची, नाहीतर वीज गेली की सगळं पुसलं जातं.

आता दोन्ही घरं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. पण दोघांना इंटरनेट हवं, म्हणून आपण राउटर जोडतो. आणि नेमकी इथंच गफलत होते. जे आपण तोडलं, ते राउटर पुन्हा जोडतो. लॅबकडून परीक्षा विभागाकडे काही जाऊ नये, हा नियम राउटरवर वेगळा लिहावाच लागतो.

म्हणून राउटर जोडल्यावर लॅबमधून परीक्षेच्या यंत्राला पिंग करून पाहावं. उत्तर आलं, तर काम अपुरं आहे. हे नियम कसे लिहायचे, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.