आभाळात उडणारं ‘निशाण’ : तोफांच्या सरावासाठी रेडिओवर चालणारी छोटी विमानं कशी वापरतात?

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखणीला उभ्या राहिलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. भोरड्यांचा थवा उडाला की गोफणीचा दगड थव्यावर नाही, थव्याच्या पुढे टाकायचा. दगड तिथवर पोचेपर्यंत पाखरं तिथं आलेली असतात. विमानविरोधी तोफेच्या नेमबाजीचं सगळं गणित याच एका गोष्टीभोवती फिरतं. फरक एवढाच की पाखरं रोज येतात. तोफचीला सरावासाठी शत्रूचं विमान कोण आणून देणार?

मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानकडून आलेले ड्रोन पाडायला एल-70, झेडयू-23 आणि शिल्का या तोफा वापरल्याचं लष्कराने जाहीर केलं. यातली एल-70 ही मूळची बोफोर्स कंपनीची 40 मिलिमीटरची तोफ कित्येक दशकं जुनी आहे. तरीही ती कामाला आली. त्यात यंत्राची सुधारणा होतीच, पण तोफेवर बसणाऱ्या जवानांचा हात बसलेला होता हेही तितकंच खरं. हा हात बसतो उडत्या निशाणावर. आणि ते निशाण अनेकदा जत्रेतल्या खेळण्याच्या थोरल्या भावासारखं दिसणारं, रेडिओवर चालणारं छोटं विमान असतं.

पूर्वी काय करायचे? खऱ्या विमानाच्या मागे लांब तारेला कापडाची एक नळी बांधायची आणि ती ओढत न्यायची. जमिनीवरून तोफची त्या नळीवर गोळे मारायचे. पद्धत स्वस्त, पण पुढच्या विमानात माणूस बसलेला. नेम जरा पुढे गेला की काय होईल, हे त्या वैमानिकालाच ठाऊक. शिवाय ओढलेली नळी सरळ रेषेत जाते. शत्रू तसा जात नाही. तो वळतो, खाली येतो, सूर्याच्या बाजूने घुसतो.

म्हणून ब्रिटिशांनी बिनमाणसाचं विमान काढलं. जानेवारी 1933 मध्ये भूमध्य समुद्रात ‘फेअरी क्वीन’ नावाचं रेडिओवर चालणारं विमान ब्रिटिश युद्धनौकांच्या तोफांसमोर उडवलं गेलं. सुमारे दोन तास मारा चालला आणि विमान सहीसलामत राहिलं. विमानाचं कौतुक झालं, पण आरमाराच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला! आपल्या तोफांना विमान पाडता येत नाही हे युद्धाआधी सहा वर्षं कळलं, हाच त्या दिवसाचा खरा फायदा. पुढे 1935 पासून ‘टायगर मॉथ’ विमानावर बेतलेलं ‘क्वीन बी’ आलं. क्वीन बी म्हणजे राणी मधमाशी. तिच्यावरूनच अमेरिकी नौदलाने आपल्या बिनमाणसाच्या विमानांना ‘ड्रोन’, म्हणजे नर मधमाशी, हे नाव दिलं असं सांगितलं जातं. आज लग्नात फोटो काढणाऱ्याला आणि सोयाबीनवर फवारणी करणाऱ्यालाही आपण ड्रोनच म्हणतो. त्या शब्दाचं मूळ मात्र तोफेच्या निशाणात आहे.

नटाच्या दुकानातून कारखान्यात

खऱ्या अर्थाने खेळण्यातलं विमान सैन्यात नेलं ते रेजिनाल्ड डेनी या माणसाने. हा हॉलिवूडमधला इंग्रज नट. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात होता. पुढे त्याला मॉडेल विमानांचा नाद लागला आणि 1934 मध्ये त्याने हॉलिवूडमध्ये त्यांचं दुकानच टाकलं. हेच विमान थोडं मोठं करून तोफचींना सरावाला दिलं तर, ही कल्पना त्याची. अमेरिकी लष्कराला ती पटवण्यात काही वर्षं गेली. त्याच्या ‘रेडिओप्लेन’ कंपनीचं ‘ओक्यू-2’ हे विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेचार मीटरच्या आसपास, वजनाला साधारण 47 किलो, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याइतकं. वेग ताशी 137 किलोमीटरच्या घरात. गलोलीसारख्या यंत्रातून ते हवेत फेकायचे आणि काम झालं की पॅराशूटने उतरवायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या घराण्यातली जवळपास 15 हजार विमानं तयार झाली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या नॉर्मा जीन या तरुणीचा फोटो लष्कराच्या छायाचित्रकाराने काढला, आणि तीच पुढे मेरिलिन मन्रो म्हणून जगाला माहीत झाली. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी ही गोष्ट.

यानंतर निशाणांचे दोन रस्ते झाले. एक मोठ्या, जेटच्या वेगाने जाणाऱ्या विमानांचा. भारतात डीआरडीओच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेने बनवलेलं ‘लक्ष्य’ आणि आता ‘अभ्यास’ ही त्या रस्त्यावरची नावं. ‘अभ्यास’च्या चाचण्या ओडिशातल्या चांदीपूरला झाल्या, जून 2024 मध्ये त्यातल्या सलग सहा यशस्वी झाल्याचं जाहीर करण्यात आलं. ही विमानं मुख्यतः क्षेपणास्त्रांच्या सरावासाठी. दुसरा रस्ता स्वस्तातल्या छोट्या विमानांचा, आणि तोफा, मशीनगनवर बसणाऱ्या साध्या जवानाशी संबंध येतो तो याच विमानांचा. अमेरिकी लष्कराने तर रशियन मिग-27 च्या एक नवमांश आकाराचं मॉडेलच निशाण म्हणून वापरलं होतं.

मोडायचंच आहे, तर महाग कशाला?

अशा विमानाचं अंग थर्माकोलच्या जातीच्या फोमचं, हलक्या बाल्सा लाकडाचं नाहीतर खोकी बनवतात त्या नालीदार प्लास्टिकच्या पत्र्याचं असतं. फोमला गोळी आरपार गेली तरी बऱ्याचदा विमान उडत राहतं. भोकावर चिकटपट्टी लावली की दुसऱ्या फेरीला तयार. महाग असतं ते आतलं सामान. जमिनीवरच्या माणसाच्या हातातल्या रिमोटचा इशारा विमानातला रिसीव्हर पकडतो आणि सर्वो नावाच्या छोट्या मोटरी पंखांवरच्या, शेपटीवरच्या पट्ट्या हलवतात. इशारा तुटला तर इंजिन आपोआप बंद व्हावं आणि विमान जवळच खाली यावं, अशी सोय आधीच केलेली असते. ती नसेल तर विमान भरकटून कुणाच्या घरावर जाईल सांगता येत नाही.

थेट गोळा लागून विमानाचे तुकडे होणं हे दिसायला भारी, पण रोजच्या सरावात ते फार घडलेलं परवडतही नाही. गोळा विमानापासून किती अंतरावरून गेला हे महत्त्वाचं. काही निशाणांवर त्यासाठी सेन्सर असतो. जवळून गेलेल्या गोळ्याच्या आवाजाच्या लहरीवरून तो अंतर काढतो. रडारवर छोटं विमान मोठं दिसावं म्हणून आत रडारचे किरण परत फेकणारा गोल बसवतात. उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी शेपटीला जळती नळी लावतात.

आता पुन्हा गोफणीकडे. छोट्या विमानाने सराव करण्यात एक मोठी गोम आहे. समजा, 12 मीटर लांबीचं लढाऊ विमान 1,800 मीटरवरून सेकंदाला 240 मीटर वेगाने आडवं जातंय. त्याच्या एक षष्ठांश आकाराचं, 2 मीटरचं मॉडेल 300 मीटरवरून सेकंदाला 40 मीटरने नेलं, तर डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. आकार तोच, सरकण्याचा वेगही तोच. पण गोळा काही सहापट हळू होत नाही. एल-70 चा गोळा नळीतून सेकंदाला साधारण 1,000 मीटर वेगाने निघतो. 300 मीटरवर तो तिसऱ्या हिश्शाच्या सेकंदात पोचतो. तेवढ्यात मॉडेल 12 मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या सहा लांब्या. खऱ्या विमानाच्या बाबतीत गोळ्याला दोन सेकंद तरी लागतात. तेवढ्यात विमान 480 मीटर पुढे, म्हणजे चाळीस लांब्या!

थोडक्यात, मॉडेलवर पक्का झालेला जवान खऱ्या विमानाच्या बराच मागे मारत राहील. म्हणून अशा सरावात नेम धरण्याच्या यंत्राची मांडणी बदलावी लागते आणि उस्तादाला हा फरक पुन्हापुन्हा सांगावा लागतो. लक्ष्य शोधणं, त्याच्यावर नळी धरून राहणं, चमूतला ताळमेळ, गोळे भरण्याची लय, आवाजात न गडबडणं या गोष्टी मात्र छोट्या विमानावर उत्तम शिकता येतात. गंमत अशी की आता शत्रूच छोटा झालाय. दीड-दोन मीटरचा, सावकाश येणारा ड्रोन पाडायचा असेल तर मॉडेल विमान हे नकली निशाण राहत नाही, ते जवळजवळ खऱ्यासारखंच ठरतं. नव्वद वर्षांपूर्वी ‘खेळणं’ म्हणून ज्याला नाकं मुरडली गेली, त्याचे दिवस असे फिरलेत.

गोळा वर गेला, तो खाली येणारच

विमानविरोधी तोफांचं शिक्षण एकेकाळी नाशिकजवळच्या देवळालीत तोफखान्याच्या शाळेतच चालायचं. 1989 मध्ये त्यासाठी ओडिशातल्या गोपाळपूरला वेगळी संस्था झाली. गोपाळपूर समुद्रकाठी आहे, हे महत्त्वाचं. आभाळात मारलेला प्रत्येक गोळा विमानाला लागत नाही. 40 मिलिमीटरचे गोळे ठरावीक वेळाने हवेतच फुटावेत अशी व्यवस्था असते, पण तुकडे तर खाली येतातच. समुद्रावर मारा केला की ते पाण्यात पडतात. नळी डावी-उजवीकडे किती फिरू द्यायची याच्या हद्दी आधी ठरतात. मॉडेल उडवणारा तोफांच्या मागे उभा असतो आणि विमान तोफांच्या डोक्यावरून न्यायचं नाही हा नियम असतो, कारण त्याच्यामागे नळी फिरली तर ती आपल्याच माणसांवर येईल.

नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतल्या के. के. रेंजलगतच्या गावांना तोफांचा आवाज नवा नाही. तिथला सराव मुख्यतः रणगाड्यांचा, म्हणजे जमिनीवरच्या निशाणाचा. पण नियम तेच लागतात. अशा गोळीबाराच्या सरावासाठी 1938 चा कायदा आहे. क्षेत्र आणि तारखा आधी जाहीर करणं, त्या काळात लोकांना बाहेर ठेवणं आणि नुकसान झालं तर भरपाई, या तरतुदी त्यात आहेत. फायरिंगची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते ती यासाठी. गुरं कुठे चारायची, खुरपणीला कधी जायचं, हे त्या कागदावर ठरतं, तेव्हा तो वाचणं बरं. सराव संपल्यावर भंगार म्हणून उचललेला न फुटलेला गोळा घरी फुटून जीव गेल्याच्या घटना देशभरातल्या रेंजच्या आसपास घडल्या आहेत. शेतात विमानासारखं काही पडलेलं दिसलं, तरी हात लावायचा नाही. त्याला जळती नळी किंवा दाबलेली स्प्रिंग असू शकते.

आणखी एक मुद्दा. 2024 च्या पावसाळ्यात पुणे, बीडसह अनेक जिल्ह्यांतल्या गावांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोक जागे राहत होते. पिकाच्या राखणीला किंवा स्वसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक असलेल्यांच्या हाताला अशा वेळी खाज सुटते. वर दिलेलं गणित पाहिलं, तर अंधारात, वेग आणि अंतर ठाऊक नसताना तो नेम लागणं जवळपास अशक्य आहे. छर्रा किंवा गोळी मात्र पलीकडच्या वस्तीवर उतरू शकते. शस्त्र कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, बेफिकिरीने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ड्रोन दिसला तर वेळ आणि दिशा टिपून पोलीस पाटलांना किंवा 112 क्रमांकावर कळवावं.

ज्या पोरांना अशी विमानं उडवायची हौस आहे, त्यांना एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकता येतं. घरच्या घरी उडवायचं असेल तर 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी वापरायच्या आणि नजरेच्या टप्प्यात ठेवायच्या मॉडेलचा वेगळा प्रकार दिला आहे. मात्र लाल झोनमध्ये परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. आपलं शेत कोणत्या झोनमध्ये येतं, ते केंद्र सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर आधी बघून घ्यावं.