हिमबिबट्या पाहायला निघालात? सामानाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीची मोहीम इतिहासजमा झाली. पण दूर डोंगरात उतरायचं, वाटाड्यासोबत माग काढायचा, तासन्‌तास दबा धरून बसायचं ही ओढ काही संपली नाही. आता हातात बंदुकीऐवजी दुर्बीण असते, एवढाच फरक. उसात लपणारा बिबट्या नाशिककरांना नवा नाही. त्याच्या हिमालयातल्या भावंडासाठी मात्र ओझरहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह असं विमान गाठून जानेवारी ते मार्चदरम्यान लडाखला जावं लागतं. 2024 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या शास्त्रीय गणनेनुसार भारतात 718 हिमबिबटे आहेत आणि त्यांतले 477 एकट्या लडाखमध्ये. या प्रवासाच्या बॅगेबद्दल बरेच चुकीचे सल्ले फिरत असतात. त्यांतले काही नुसते गैरसोयीचे आहेत, काही जिवावर बेतणारे.

गैरसमज : कळसूबाई सहज चढतो, शिवाय खिशात कापूर आहे, विरळ हवेची काय भीती?

वस्तुस्थिती : कळसूबाईची उंची 1,646 मीटर आणि लेह शहरच सुमारे 3,500 मीटरवर. तिथल्या हवेतही प्राणवायूचं प्रमाण 21 टक्केच असतं; पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांवर आल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी पडतो. कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. तंदुरुस्तीचाही इथे भरवसा नाही. धावपटूलाही त्रास होतो. उपाय एकच : लेहला उतरल्यावर किमान दोन दिवस विश्रांती, भरपूर पाणी आणि मद्य वर्ज्य. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी पडते, पण ती निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र उलटण्याची वाट न पाहता रुग्णाला खाली न्यायचं आणि डॉक्टर गाठायचा.

गैरसमज : एक जाडजूड जॅकेट घेतलं की थंडीचं काम भागलं.

वस्तुस्थिती : निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते. लडाखच्या दऱ्यांत फेब्रुवारीच्या रात्री तो उणे 20 च्या आसपास जातो. तिथे जाडीपेक्षा थर महत्त्वाचे. आत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, वर फ्लीस, त्यावर पिसांचं डाउन जॅकेट आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारा कपडा. चढताना दोन थर उतरवायचे, बसल्यावर लगेच चढवायचे. सुती बनियन मात्र घरीच ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच ओलावा अंग गारठवतो.

गैरसमज : तीन-तीन मोजे चढवले की पाय गरम राहतात.

वस्तुस्थिती : बूट घट्ट झाला की रक्तपुरवठा कमी होतो आणि बोटं अधिक गार पडतात. एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा पुरतो. बूट असा घ्यावा की एवढं घालूनही बोटं मोकळी हलली पाहिजेत. हातांसाठी आत पातळ मोजे आणि वर चारही बोटं एकत्र राहतील असे मिटन वापरावेत. बोटं एकमेकांना ऊब देतात. बसायला फोमच्या चटईचा तुकडा हवाच. दगडावर दोन तास बसलात की खालूनच गारठा चढतो.

गैरसमज : स्लीपिंग बॅगवर उणे 20 लिहिलंय, म्हणजे उणे 20 मध्ये निवांत झोप.

वस्तुस्थिती : लेबलवर सहसा दोन-तीन आकडे असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे आरामात झोपता येईल ते तापमान, ‘लिमिट’ म्हणजे कुडकुडत का होईना रात्र निघेल ते, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे केवळ जीव वाचण्यापुरतं. खरेदी करताना कम्फर्टचाच आकडा धरा. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग भाड्यानेही मिळतात. पण हिवाळ्यात लेहची बरीच दुकानं बंद असतात, म्हणून आयोजकाकडे आधीच सांगून ठेवा.

गैरसमज : हातात नको असलेलं सगळं चेक-इन बॅगेत टाकलं की चालतं.

वस्तुस्थिती : पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच लागतात. स्टोव्हचा गॅस कॅनिस्टर, काडेपेटी आणि लायटर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ज्वलनशील मानल्या जातात, त्यामुळे त्याही घरीच ठेवाव्यात. ट्रेकिंगच्या काठ्या आणि चाकू चेक-इनमध्ये टाका. देशांतर्गत विमानात बहुधा 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हातातलं सामान मिळतं. जाड बूट आणि जॅकेट अंगावर घालून गेलात तर बरंच वजन वाचतं. सॅटेलाइट फोन मात्र अजिबात नेऊ नका. परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं.

गैरसमज : जितकी मोठी लेन्स तितकी हिमबिबट्या दिसण्याची खात्री.

वस्तुस्थिती : तो अनेकदा एक-दोन किलोमीटर अंतरावर, करड्या कातळात मिसळून बसलेला असतो. त्याला शोधतात ते स्थानिक वाटाडे, तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपमधून. तुमच्याजवळ 8×42 ची चांगली दुर्बीण असली की पुरे : आठ पट मोठं दिसतं आणि 42 मिलिमीटरच्या भिंगांतून पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्पष्ट राहतं. गारठ्याने बॅटरी लवकर बसते, पण ती बिघडलेली नसते. आतल्या खिशात ऊब मिळाली की पुन्हा चालते. बुखारी म्हणजे शेगडी पेटलेल्या खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा. खोलीच्या तापमानाला आल्यावर तो उघडला की लेन्सवर दव धरत नाही.

गैरसमज : तिथे काही मिळत नाही, खाणंपिणं सगळं इथूनच न्यावं.

वस्तुस्थिती : हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांत घरोघरी पाहुण्यांची सोय होते, गरम जेवण मिळतं. पूर्वी शेळ्या-मेंढ्या मारणाऱ्या हिमबिबट्यावर इथल्या लोकांचा राग असे. आज तोच त्यांच्या घरात पैसे आणतो, म्हणून ते त्याला जपतात. तुमचा पैसा या घरांपर्यंत पोचणं हा या प्रवासाचा सर्वांत मोठा उपयोग आहे. सोबत थोडा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आणि रोजची औषधं एवढं पुरे.

बॅग भरण्याआधी रजेचा अर्ज नीट भरा. सुरुवातीला विश्रांतीचे दोन दिवस आणि शेवटी एक दिवस राखीव ठेवा, कारण खराब हवेमुळे लेहची विमानं रद्द होतात. महागडं जॅकेट उसनं मिळेल, दुर्बीण मित्राकडून मागता येईल. हे तीन दिवस मात्र दुसरं कुणी देणार नाही.